मल्टिपल स्क्लेरोसिस आणि विषाणू : एका संशयाचा इतिहास

(व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आजच्या विषयाची घोषणा झाल्यावर मला दोन-तीन फोन आले. त्यांतला एक फोन मनातून जात नाही. एक बाई बोलत होत्या. त्यांच्या मुलीला मल्टिपल स्क्लेरोसिसचं निदान झालं आहे. त्यांनी कुठेतरी वाचलं की हा आजार एका विषाणूमुळे होतो आणि तो विषाणू लाळेतून पसरतो. त्यांनी मला विचारलं, "सर, लहानपणी मी तिला माझ्या ताटातलं भरवायचे. मग हे मीच तिला दिलं का?"

मी डॉक्टर नाही, वैद्यकाच्या इतिहासाचा अभ्यासक आहे. पण या प्रश्नाचं उत्तर इतिहासातही आहे. ते मी शेवटी देणार आहे. मधला रस्ता थोडा लांबचा आहे, तेवढा माझ्याबरोबर चला.

आधी आजार म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगतो. आपल्या मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवर मायलिन नावाचं एक आवरण असतं. विजेच्या वायरवर प्लॅस्टिक असतं ना, साधारण तसं. या आजारात शरीराची स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा त्या आवरणावर हल्ला करते. जिथे हल्ला होतो तिथले संदेश अडखळतात. कुणाची एका डोळ्याची दृष्टी जाते आणि परत येते, कुणाचा पाय जड होतो, कुणाचे हात थरथरतात. बहुतेकांना हा आजार वीस ते चाळीस या वयात गाठतो आणि बायकांना पुरुषांपेक्षा जास्त प्रमाणात होतो. आज जगात याचे सुमारे २८ लाख रुग्ण आहेत.

आता जाऊ या पॅरिसला. साल १८६८. साल्पेत्रिएर हे तिथलं प्रचंड मोठं रुग्णालय, मुख्यतः गरीब आणि वृद्ध स्त्रियांचं. तिथे जाँ-मार्तँ शार्को हे डॉक्टर होते. शार्कोंच्या घरी एक मोलकरीण होती. तिचे हात असे कापायचे की बशा हातातून पडून फुटायच्या. शार्कोंना सुरुवातीला संशय दुसऱ्याच आजाराचा होता, असं सांगतात. पुढे ती वारली. शवविच्छेदन झालं तेव्हा मेंदूत आणि मज्जारज्जूत ठिकठिकाणी कडक झालेले डाग सापडले. असे डाग काही नवे नव्हते, १८३० च्या दशकातच कार्सवेल आणि क्रुव्हेल्ये यांनी त्यांची चित्रं काढून ठेवली होती. शार्कोंचं मोठेपण यात की त्यांनी ते डाग आणि जिवंतपणी दिसणारी लक्षणं यांची सांगड घातली आणि हा एक स्वतंत्र आजार आहे हे जगाला सांगितलं.

पण तो का होतो? शार्कोंकडे उत्तर नव्हतं. उत्तर द्यायचा प्रयत्न केला त्यांच्या शिष्याने, पिएर मारी यांनी, १८८४ मध्ये. तो काळ लक्षात घ्या. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवला. पाठोपाठ पटकीचा. १८८५ मध्ये पाश्चरांनी पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर लस टोचली. रोज नवा जंतू सापडत होता. मारींनी पाहिलं की आपल्या काही रुग्णांना आधी विषमज्वर, देवी असे आजार होऊन गेले होते. त्यांनी निष्कर्ष काढला की हा आजार संसर्गातूनच उद्भवतो. त्यांना खात्री वाटत होती की पाश्चर किंवा कॉख यांच्यासारख्यांच्या हातून लवकरच लस येईल आणि हा प्रश्न मिटेल.

"लवकरच." मंडळी, त्या गोष्टीला आता एकशे चाळीस वर्षं झाली.

मारींचं चुकलं कुठे? विषमज्वर, गोवर, देवी हे त्या काळात कुणाला होत नव्हते? ज्यांना हा आजार झाला त्यांना विचारलं तर ते सांगणारच की आधी ताप आला होता. ज्यांना झाला नाही त्यांना कुणी विचारलंच नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, एवढ्यावरून कावळ्यावर खटला भरता येत नाही. ही अडचण आज संध्याकाळभर आपल्यासोबत राहणार आहे.

पुढचा टप्पा १९१७, जर्मनी. कून आणि श्टायनर या दोघांनी रुग्णांचं रक्त आणि मणक्यातलं पाणी गिनीपिग आणि सशांना टोचलं आणि जाहीर केलं की आम्हाला मळसूत्रासारखा एक जंतू सापडला. हा दावा लोकांना पटण्यासारखा होता, कारण उपदंशाचा जंतू अगदी तसाच असतो आणि तो वेड लागलेल्या रुग्णांच्या मेंदूत १९१३ मध्ये प्रत्यक्ष सापडला होता. उपदंशावर साल्व्हर्सान नावाचं आर्सेनिकयुक्त औषध निघालेलं होतं. मग काय, या रुग्णांनाही आर्सेनिक दिलं गेलं. आर्सेनिक म्हणजे आपलं सोमल. इतरांनी तो जंतू शोधायचा प्रयत्न केला, त्यांना तो सापडेना.

१९३० मध्ये लंडनला पुन्हा तेच. कॅथलीन शेवासुट या संशोधिकेने जाहीर केलं की मणक्यातल्या पाण्यातून आपण या रोगाचा सूक्ष्म जीव वाढवून दाखवला आहे. सर जेम्स पर्व्हस-स्ट्यूअर्ट या नामांकित डॉक्टरांनी तिच्या कामाला पाठिंबा दिला आणि रुग्णांना लसही टोचायला सुरुवात केली. बातमी फुटली. लसीसाठी रुग्ण येऊ लागले. वर्षभरात दुसऱ्या डॉक्टरांनी तपासून पाहिलं, तर त्या दाव्यात काही तथ्य निघालं नाही.

हे दोन प्रसंग मी मुद्दाम सांगतो. प्रयोगशाळेत चुका होतात, त्यात विशेष काही नाही. पण हा इतिहास फक्त कल्पनांचा नाही. प्रत्येक चुकीच्या उत्तराबरोबर कुणाच्या तरी दंडात सुई गेलेली आहे, आणि कुणाचं तरी घर महिनाभर आशेवर जगलेलं आहे.

आता यात एक वळण आहे, आणि ते आपल्याकडच्या अनेकांना ओळखीचं वाटेल. इथे पन्नाशीच्या पुढचे जे आहेत त्यांना कुत्रं चावल्यावरची पोटातली चौदा इंजेक्शनं आठवत असतील. (सभागृहात हशा.) हो, तीच. ती लस १९११ मध्ये कसौलीला डेव्हिड सेंपल यांनी तयार केली होती आणि आपल्याकडे २००४-०५ च्या सुमारापर्यंत वापरात होती. ती बनायची मेंढीच्या मेंदूपासून. पाश्चरांची मूळ लस सशाच्या मज्जारज्जूपासून बनत असे. या लसी घेतलेल्या काही थोड्या माणसांना कुत्र्याचा रोग न होता वेगळाच पक्षाघात व्हायचा. का? हा प्रश्न धरून न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टॉमस रिव्हर्स यांनी १९३३ मध्ये माकडांना निरोगी मेंदूचा अर्क वारंवार टोचला. कुठलाही जंतू नाही, विषाणू नाही. तरीही माकडांच्या मेंदूत मायलिन नष्ट झालं.

म्हणजे बाहेरचा शत्रू नसतानाही शरीर स्वतःच्या मेंदूवर उलटू शकतं. गंमत बघा, रिव्हर्स हे स्वतः विषाणूशास्त्रज्ञ! त्यांच्याच प्रयोगाने विषाणूचा पक्ष दुबळा केला. तिथून पुढे दोन तट पडले. एक म्हणे हा संसर्ग आहे, दुसरा म्हणे हा प्रतिकारशक्तीचा घोटाळा आहे. दोन्ही एकदम खरं असू शकेल, हे पटायला बरीच वर्षं जावी लागली.

संसर्गाचा पक्ष जिवंत ठेवला तो भूगोलाने. हा आजार विषुववृत्ताजवळ कमी आणि उत्तर युरोप, कॅनडा अशा थंड देशांत जास्त. जेफ्री डीन यांनी दक्षिण आफ्रिकेत पाहिलं की युरोपातून लहानपणी तिथे आलेल्यांना हा आजार कमी होतो, मोठेपणी आलेल्यांना मायदेशाइतका होतो. सीमारेषा साधारण पंधराव्या वर्षाची. याच डीन यांनी सहकाऱ्यांबरोबर १९९० मध्ये ब्रिटनमधल्या स्थलांतरितांच्या मुलांचा अभ्यास छापला. भारतीय उपखंडातून गेलेल्या लोकांत हा आजार विरळा होता. पण तिथे जन्मलेल्या त्यांच्या मुलांत तो जवळजवळ ब्रिटिशांइतकाच निघाला. रक्त तेच, गाव बदललं. म्हणजे बालपणात, आसपासच्या वातावरणात काहीतरी आहे.

पण लगेच दुसरी बाजूही पाहा, आपल्या मुंबईची. डॉ. नोशीर वाडिया, डॉ. भरुचा आणि सहकाऱ्यांनी पारशी समाजाची पाहणी केली. १९८८ मध्ये त्यांनी छापलं की मुंबईच्या पारशांत लाखामागे एकवीसच्या आसपास लोकांना हा आजार आहे. भारतात तेव्हा हा आजार अत्यंत दुर्मीळ समजला जायचा. हवा तीच, पाणी तेच, शहर तेच, आणि आकडा वेगळा. म्हणजे आनुवंशिकताही आहे. तीही सगळं ठरवत नाही. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला हा आजार झाला तर दुसऱ्याला तो होण्याचं प्रमाण चारात एकाच्या आसपास आहे.

भूगोलाच्या पुराव्यातला सगळ्यात गाजलेला किस्सा फॅरो बेटांचा. उत्तर अटलांटिकमधली ही चिमुकली बेटं. एप्रिल १९४० मध्ये ब्रिटिश सैन्य तिथे उतरलं आणि युद्ध संपेपर्यंत राहिलं. अमेरिकेचे जॉन कुर्त्झके आणि डेन्मार्कचे हिल्लेस्टेड यांनी १९७९ मध्ये मांडलं की बेटावरच राहिलेल्या स्थानिकांत १९४३ पूर्वी या आजाराचा एकही रुग्ण नव्हता आणि त्यानंतर साथीसारखे रुग्ण दिसू लागले. सैनिकांनीच काहीतरी आणलं, असा त्यांचा दावा. कथा इतकी सुबक की पाठ्यपुस्तकांत गेली. मग आक्षेप आले. आधी बेटांवर हे निदान करू शकणारे डॉक्टर होते का? परदेशी राहून आलेले रुग्ण मोजणीतून का वगळले? रुग्णांची एकूण संख्याच काही डझनांत. एवढ्याशा आकड्यांवर साथ उभी करणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठण्यातला प्रकार. तो वाद कधी पुरता मिटला नाही.

दरम्यान प्रयोगशाळांत काय चाललं होतं? १९६२ मध्ये अ‍ॅडम्स आणि इमागावा यांना रुग्णांच्या शरीरात गोवराविरुद्धच्या अँटिबॉडीज जास्त आढळल्या. झालं, गोवरावर संशय. मग कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगावर, म्हणजे घरातल्या पाळीव कुत्र्यावर. मग पॅराइन्फ्लुएंझा. १९८५ मध्ये एड्सच्या विषाणूच्या जातकुळीतला एक विषाणू. १९९० च्या दशकात नागिणीच्या कुळातला सहा नंबरचा विषाणू, मग क्लॅमिडिया नावाचा जंतू. प्रत्येकाचं पीक दोन-चार वर्षं जोरात येई आणि करपून जाई. यातून झालं असं की विषाणू म्हटलं की मेंदूचे तज्ज्ञ हसायला लागले. लांडगा आला रे आला, तशी गत. त्यामुळे खरा लांडगा दारात आला तेव्हा कुणी फारसं उठून पाहिलं नाही.

तो लांडगा कुठून आला? युगांडातून. डेनिस बर्किट नावाचे आयरिश सर्जन तिथे काम करत. आफ्रिकी मुलांच्या जबड्यात होणारा एक कॅन्सर त्यांनी १९५८ मध्ये वर्णिला. मार्च १९६१ मध्ये लंडनला त्यांचं भाषण झालं. श्रोत्यांत अँथनी एपस्टीन हे तरुण संशोधक बसले होते. तुमच्यासारखेच व्याख्यान ऐकायला आलेले! (हशा.) त्यांना वाटलं, हा कॅन्सर विषाणूमुळे होत असणार. ते युगांडातून गाठींचे नमुने विमानाने मागवू लागले. दोन वर्षं काही हाती लागलं नाही. १९६३ च्या डिसेंबरात धुक्यामुळे विमान लंडनऐवजी मँचेस्टरला उतरलं. नमुना उशिरा पोहोचला, बाटलीतलं पाणी गढूळ. कुणीही म्हणालं असतं, नासला, टाकून द्या. एपस्टीननी तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. गढूळपणा जंतूंचा नव्हता, गाठीतून सुटून तरंगणाऱ्या जिवंत पेशींचा होता. त्या पेशी वाढवल्या आणि १९६४ मध्ये एपस्टीन, अ‍ॅकाँग आणि यव्होन बार या तिघांनी नवा विषाणू जाहीर केला. एपस्टीन-बार विषाणू. आपण त्याला ईबीव्ही म्हणू.

आता फिलाडेल्फिया. व्हेर्नर आणि गेरट्रूड हेन्ले हे दांपत्य या विषाणूच्या अँटिबॉडीज मोजत होतं. त्यांना आढळलं, जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणसाच्या रक्तात त्या आहेत! त्यांच्या प्रयोगशाळेतल्या एका तंत्रज्ञ मुलीच्या रक्तात मात्र नव्हत्या, म्हणून तिचं रक्त तुलनेसाठी वापरायचे. १९६७ मध्ये ती आजारी पडली. ताप, घसा, मानेला गाठी. ग्लँड्युलर फीव्हर. बरी होऊन आल्यावर पाहिलं तर तिच्या रक्तात अँटिबॉडीज होत्या. आधीचं रक्त साठवलेलं, नंतरचं समोर. ग्लँड्युलर फीव्हरचं कारण सापडलं.

हे साठवलेलं रक्त लक्षात ठेवा.

१९८० च्या सुमारास काही संशोधकांनी ईबीव्ही आणि मल्टिपल स्क्लेरोसिस यांचा संबंध मांडला. पुढे असंही दिसलं की ज्यांना ग्लँड्युलर फीव्हर होऊन गेला आहे त्यांना या आजाराचा धोका सुमारे दुप्पट असतो. पण आक्षेप तयारच होता. जगातल्या शंभरातल्या नव्वदांहून अधिक प्रौढांत हा विषाणू आहे. जो गुन्हा घडला तेव्हा सगळं गावच हजर होतं, तिथे हजेरी हा पुरावा कसा? आणि दुसरं, कदाचित आजाराच्या सुरुवातीमुळेच शरीर विषाणूला बळी पडत असेल. आधी कोंबडी की आधी अंडं?

याला उत्तर एकच. ज्यांना लागण झालेलीच नाही अशी थोडी माणसं शोधायची, त्यांच्या मागे वर्षानुवर्षं राहायचं आणि पाहायचं की लागणीआधी त्यांना आजार होतो का. पण अशी माणसं विरळी, आजारही विरळा. किती लोक तपासावे लागतील? लाखांनी. कोण करणार?

ते काम आधीच होऊन बसलं होतं, आणि तेही भलत्याच कारणासाठी. अमेरिकेच्या सैन्यात भरतीच्या वेळी आणि नंतर साधारण दर दोन वर्षांनी एचआयव्हीसाठी रक्त तपासतात. उरलेलं रक्तद्रव्य गोठवून ठेवतात. हार्वर्डचे आल्बेर्तो अ‍ॅशेरियो आणि त्यांचे सहकारी या साठ्याकडे वळले. एक कोटीहून अधिक सैनिक, वीस वर्षांचा काळ. त्यांत ९५५ जणांना सेवेत असताना मल्टिपल स्क्लेरोसिस झाला. ८०१ जणांचे आजारापूर्वीचे नमुने मिळाले. त्यांपैकी ३५ जण पहिल्या नमुन्यात ईबीव्हीमुक्त होते. आजार सुरू होण्याआधी त्या ३५ पैकी ३४ जणांना लागण झाली. एकूण ८०१ मध्ये लागण न दिसलेला फक्त एक! लागणीनंतर धोका ३२ पटींनी वाढत होता. लाळेतूनच पसरणाऱ्या दुसऱ्या एका विषाणूची, सायटोमेगॅलोची, तशीच तपासणी केली. त्याने धोका वाढला नाही. आणि कोंबडी-अंड्याचं काय? मज्जातंतूंना इजा झाली की रक्तात एक प्रथिन वाढतं. ते ईबीव्हीच्या लागणीनंतर वाढलं, आधी नाही. हा निबंध जानेवारी २०२२ मध्ये 'सायन्स'मध्ये आला.

त्याच महिन्यात 'नेचर'मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी एक संभाव्य वाट दाखवली. ईबीव्हीच्या एका प्रथिनाचा एक तुकडा आपल्या मेंदूतल्या ग्लायलकॅम नावाच्या प्रथिनाशी मिळताजुळता आहे. काही रुग्णांत विषाणूविरुद्ध तयार झालेली अँटिबॉडी चुकून मेंदूलाच चिकटते. चोर सोडून संन्याशाला फाशी. पिएर मारींचे वारस आणि रिव्हर्स यांचे वारस अखेर एका ओट्यावर आले. सुरुवात संसर्गाची, नुकसान प्रतिकारशक्तीचं.

मग प्रश्न सुटला का? नाही. शंभरातल्या नव्वदांना लागण आणि हजारात एखाद्यालाच आजार, हे कोडं आहेच. विषाणू जवळजवळ आवश्यक दिसतो, पण पुरेसा नाही. आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. क्षयाचे जंतू शरीरात बाळगणारी माणसं आपल्या देशात कोट्यवधी आहेत, आजारी पडतात त्यांतली थोडी. इथेही जनुकं आहेत, सूर्यप्रकाश आणि ड जीवनसत्त्व आहे, धूम्रपान आहे, किशोरवयातला लठ्ठपणा आहे. आणि वयही आहे. आपल्याकडे बहुतेकांना ईबीव्ही पाळण्यात असतानाच गाठतो आणि काही न करता निघून जातो. म्हणजे शरीरात राहतो, पण लक्षणं देत नाही. श्रीमंत देशांत तो किशोरवयापर्यंत लांबतो, आणि तेव्हा ग्लँड्युलर फीव्हर होतो. पोलिओचंही असंच होतं. स्वच्छता वाढली तशी लागण उशिरा होऊ लागली आणि पक्षाघात वाढले. ईबीव्हीविरुद्धच्या लसींच्या चाचण्या माणसांवर सुरू झाल्या आहेत. लस आली आणि तिने हा आजार कमी झाला, तरच शेवटचा पुरावा मिळेल. त्याला पुन्हा काही दशकं लागतील. पिएर मारींसारखं "लवकरच" असं मी म्हणणार नाही.

आता त्या बाईंचा प्रश्न. मी त्यांना काय सांगितलं?

मी म्हणालो, ताई, मल्टिपल स्क्लेरोसिस हा आजार एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. तुमच्या मुलीचा पेला वापरा, तिला जवळ घ्या, तिच्या संसाराची स्वप्नं खुशाल बघा. तो विषाणू तुम्ही दिला की आजीच्या मुक्याने दिला की शाळेतल्या डब्याने, हे कुणालाही सांगता येणार नाही. या सभागृहातल्या जवळजवळ प्रत्येकाला तो असाच कुणाच्या तरी प्रेमातून मिळाला आहे आणि बहुतेकांना त्याने काही केलेलं नाही. त्याला टाळून कुणी आई होऊ शकत नाही.

आणि दुसरंही सांगितलं. एकशे चाळीस वर्षं शास्त्रज्ञ चुकत चुकत इथवर आले, कारण प्रत्येक पिढीने घाईने आरोपी पकडला. सोमल टोचलं, खोटी लस टोचली. आता आरोपी सापडल्यासारखा दिसतो आहे. तर निदान आपण घरातल्या माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नये. उद्या कुणी 'विषाणू काढून टाकतो' म्हणून महागडं औषध विकायला आलं तर या इतिहासाची आठवण ठेवा, आणि आपल्या मेंदूविकारतज्ज्ञांना आधी विचारा. लागणीचं कोडं सुटायचं असलं, तरी हा आजार आवरणारी चांगली औषधं आज आहेत, आणि ती वेळेवर सुरू झाली तर पुष्कळ फरक पडतो.

फोन ठेवताना त्या म्हणाल्या, "म्हणजे मी भरवलं ते चुकलं नाही ना?"

मी म्हणालो, नाही.